उजवा कौल

६ ऑक्टोबर, सोमवार

आले एकदाची रत्नागिरीला! खेडच्या डेपोत आप्पा सोडायला आले होते आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभं राहून त्यांचा नन्नाचा पाढा चालू होता. बाहेरचं खायचं नाही. मिरकरवाड्याला एकटीने मासे आणायला जायचं नाही, भाव करता येत नाही तुला. उंदीर उघड्या हाताने धरायचा नाही. आमच्या आप्पांच्या तोंडात पहिला शब्द 'नाही' हाच. आई सांगते, मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही ते आधी नाही म्हणाले, मग चहा प्यायले आणि हो म्हणाले. गाडी हलली तेव्हा मात्र ज्ञानी, सांभाळून गो, एवढंच म्हणून तोंड फिरवून उभे राहिले.

खोली नाचणे रोडला मिळाली आहे आणि झकास आहे. माडीवर, जिना स्वतंत्र. खालचे मालक मुंबईला, गणपती-शिमग्यालाच उगवतात. गॅलरीतून हापूसची कलमं दिसतात आणि त्यांच्या डोक्यावर समुद्राची एक निळी पट्टी. पिशव्या टाकल्या आणि आधी जाऊन बांगडे आणले. आप्पांची पहिली आज्ञा तिथेच मोडली. कोळणीने फसवलंच मला, पण बांगडे ताजे होते, त्यामुळे राग धरत नाही.

नोकरी मालिनीमॅडमच्या प्रयोगशाळेत. मॅडम मूळच्या इथल्याच, बागायतदारांच्या घरातल्या. बरीच वर्षं परदेशात मेंदूवर काम करून परत आल्या. वडिलांचा गावाबाहेर कातळाच्या सड्यावर आमरस डबाबंद करायचा कारखाना होता, तो धुऊनपुसून त्यात प्रयोगशाळा थाटली. दुपारी पत्रा तापला की अजून आमरसाचा वास येतो. आम्ही तिघंच: मॅडम, संगणकाचं बघणारा अनिश आणि मी. अनिश डोंबिवलीचा, जिभेला हाड नाही. गुरवाची मुलगी मेंदूच्या धंद्यात कशी पडली, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, आप्पा देवाच्या मनातलं लोकांना सांगतात, मी उंदराच्या मनातलं सांगणार, धंदा तोच. मॅडमसुद्धा हसल्या. मला आवडणार इथे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मायक्रोस्कोप म्हटलं की टेबलावरचं ते काळं धूड डोळ्यांसमोर येतं. इथला करंगळीच्या पेराएवढा आहे आणि तो टेबलावर नाही, उंदराच्या डोक्यावर बसतो! मॅडम उंदराला भूल देऊन त्याच्या मेंदूत काचेची एक बारीक कांडी बसवतात. जखम भरली की तिच्यावर हा स्कोप चढवायचा. त्याची वायर दोऱ्याएवढी, वर छताला अडकवलेली. उंदीर खातो, पितो, पळतो, मिशा चोळतो आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूतल्या पेशी आपल्याला पडद्यावर जिवंत दिसत असतात. त्या पेशींत असं एक प्रथिन घातलेलं असतं, की पेशी कामाला लागली की हिरवी चमकते. गणपतीच्या मखरातली माळ लुकलुकते तशी. आज पहिल्यांदा बघितलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. एका जिवाचा विचार चाललाय आणि तो आपल्याला दिसतोय!

माझ्या वाट्याला आलेल्या उंदरिणीला मी पाटलीण म्हणते. डोक्यावर कळशी घेऊन पाणवठ्यावर निघाल्यासारखी तोऱ्यात चालते. मॅडम प्राण्यांना नाव देऊ देत नाहीत, जीव गुंततो म्हणतात. मी गुपचूप दिलं.

काम असं. एक अरुंद गल्ली, पुढे दोन फाटे, एक डावा आणि एक उजवा. दोन्हीकडे साखरदुधाचा थेंब, त्यामुळे कुठेही गेलं तरी फायदा सारखाच. पाटलीण फाट्यावर थबकते आणि मनाला येईल तिकडे वळते. पण वळायच्या आधी तिच्या मेंदूत पेशींचा एक घोळका चमकतो. डाव्याचा घोळका वेगळा, उजव्याचा वेगळा. म्हणजे बाईसाहेब कुठे वळणार ते त्यांच्या पायांच्या आधी आम्हाला कळतं. त्याच स्कोपमध्ये एक लाल दिवाही आहे. तो एखाद्या घोळक्यावर टाकला की त्या पेशी जबरदस्तीने जाग्या होतात आणि ती तिकडेच वळते. तिला बिचारीला वाटतं, आपणच ठरवलं. त्या दिव्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं मॅडमनी बजावलं आहे. वाचणं वेगळं आणि दुसऱ्याच्या डोक्यात लिहिणं वेगळं, म्हणाल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

डावा-उजवा म्हटल्यावर माझ्या जिभेला कुठला लगाम! अनिशला सांगून बसले, की हे तर आमच्या गावच्या कौलासारखं आहे. आप्पा देवळात पाषाणाला दोन बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. पेरणी, सोयरीक, बांधाची भांडणं, सगळं गाव त्यावर चालतं. अनिश खुर्चीवरून उठलाच. मग तुझी पाटलीण हा तयार पाषाण आहे, म्हणाला, लाव कौल.

मीही कमी आगाऊ नाही. मॅडम आज लवकर सोडतील का, असा कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे मुलीने गाऱ्हाणं घालायचं नाही, पण मला ते लहानपणापासून तोंडपाठ आहे. आप्पांचा आवाज काढून सुरू केलं. बा म्हाराजा, ही तुझी लेकरं आज तुझ्यापुढे उभी आहेत, त्यांच्या मनात जे आहे त्याचा खरा कौल दे रे म्हाराजा. अनिश प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा म्हणत होता. अंगावर काटा आला माझ्या, मजेचाच. फक्त सुरुवातीला देवीचं नाव घ्यायचं असतं, ते मी गिळलं. आमरसाच्या कारखान्यात उंदरासमोर तिचं नाव घ्यायची लाज वाटली.

उजवा घोळका चमकला. पाटलीण उजवीकडे गेली. आणि मॅडमचं डोकं दुखायला लागून त्या चहाच्या आधीच घरी गेल्या! बोलाफुलाला गाठ पडली. आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन भेळ खाल्ली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीला घरी आले आहे. पडवीत आप्पा सुपारी कातरत बसले होते, तेव्हा त्यांना पाटलिणीच्या कौलाची गोष्ट रंगवून सांगितली. वाटलं होतं, गाऱ्हाणं घातलं म्हणून ओरडतील. ते ओरडले नाहीत. नाव कुणाचं घेतलंस, एवढंच विचारलं. कुणाचंच नाही, म्हटलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. नाव म्हणजे पाकिटावरचा पत्ता, म्हणाले. पत्ता न घालता पत्र टाकलंस तर वाटेत जो रिकामा बसला असेल तो ते फोडतो, आणि उत्तरही तोच देतो. वाटेत कोण बसलंय, असं मी विचारलं तर सांगणार नाही म्हणाले. मग एकेक शब्द सुटा करून दोन गोष्टी सांगितल्या. मिळालेला कौल पुन्हा मागायचा नाही. आणि कळीला हात लावायचा नाही, काही झालं तरी. मी थट्टा करायला गेले, तर आईने डोळे वटारले. सणासुदीचं कशाला सांगितलं असं झालं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पांनी नको म्हटलं म्हणूनच असेल, पण परत आल्यावर मी कौल लावायचं सोडलं नाही. काल-परवा तर चटकच लागली. वीज जाईल का, मॅडमचं अनुदान मंजूर होईल का, अनिशची ती पुण्याची मैत्रीण फोन उचलेल का. एकही उत्तर चुकलेलं नाही. मैत्रिणीचं डावं आलं होतं, बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

आज अनिशने मला बाजूला बोलावलं. आम्ही प्रयोगाचा आवाजही नोंदवतो, कालचा त्याने ऐकवला. माझं गाऱ्हाणं, आणि प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा. मी म्हटलं, मग काय झालं, तूच म्हणतोस ते. त्याने हात जोडून सांगितलं, की कालपासून तो एकदाही म्हणालेला नाही. त्याला म्हणे मागच्या आठवड्यापासूनच नको वाटत होतं.

थापा मारतोय. मला घाबरवायला बघतोय. तरी आज पाटलिणीला पिंजऱ्यात ठेवताना मी दार दोनदा तपासलं. आता कौल बंद.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. आईने शेजाऱ्यांची गाडी करून इथे रत्नागिरीला आणलं, एका खासगी इस्पितळात ठेवलं आहे. तीन नसा बंद आहेत, हृदय दमलेलं आहे. शुक्रवारी बायपास. सर्जन कोल्हापूरहून येतात. त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं, की करावं लागेल, पण खात्री देत नाही.

आप्पांचं चालूच आहे. ऑपरेशन नको, हिरवा झगा नको, खिचडी तर नकोच नको. नर्सबाई हसून बेजार. मग सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. पुष्कळ झालं, म्हणाले, येईल ते येऊ दे, तू रडायचं नाहीस. मी त्यांच्यावर ओरडले. लोक बघायला लागले.

मला आप्पा हवेत. भांडायला, नाही म्हणायला, फोनवर खोकायला, कसेही. ते नसलेलं घर मला बघायचंच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कौल लावला. राहवलं नाही. आप्पा जगतील का, एवढंच विचारलं.

डावा. तो घोळका इतका लख्ख कधीच चमकला नव्हता. पाटलीण डावीकडे गेली आणि दुधाला तोंडसुद्धा न लावता भिंतीकडे बघत बसली.

पुन्हा मागायचा नाही हे ठाऊक होतं. दुसरा उंदीर आणला, पुन्हा विचारलं. डावा. तिसरा आणला. डावा. अनिशने माझ्या हातातून पिंजरा काढून घेतला आणि इस्पितळात आईजवळ जा म्हणाला. आई जपमाळ ओढत बसली होती. तिने विचारलं, काय झालं गो, इतकी पांढरी का पडलीस. ऊन लागलं, म्हणाले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम यायच्या आधी प्रयोगशाळेत गेले. आप्पांना दुपारी आत घेणार होते.

पाटलिणीला गल्लीत ठेवलं. गाऱ्हाणं घातलं. देवीचं नाव आजही नाही घेतलं. तिच्या डोळ्यांदेखत हे कसं करणार होते? आप्पा जगतील का. डावा घोळका उजळायला लागला, आणि मी लाल दिवा उजव्यावर टाकला.

कळीला हात लावला नाही मी. दिवा लावला फक्त.

पाटलीण थरथरली. तिचे पाय डावीकडे ओढत होते आणि तोंड उजवीकडे. ती किंचाळली. उंदीर इतक्या मोठ्याने ओरडतो हे मला माहीत नव्हतं. मी दिवा काढला नाही. शेवटी फरपटत उजवीकडे गेली. होय म्हाराजा, मीच म्हटलं, मोठ्याने.

माझ्या मागेही कुणीतरी म्हटलं. मी वळून बघितलं नाही. पिंजरा लावला, दिवे घालवले आणि पळत सुटले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आप्पा जगले!! मध्येच हृदय बंद पडलं होतं, पुष्कळ प्रयत्न करून डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ते आपलं आपण सुरू झालं. सर्जन म्हणाले, आयुष्यात असं बघितलं नाही. जीव भांड्यात पडला. आईने मला पोटाशी धरलं, आम्ही दोघी पॅसेजमध्ये उभ्या राहून हसत होतो आणि रडत होतो. मला कशाचाही पश्चात्ताप नाही. नाही म्हणजे नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आप्पांना माझ्याच खोलीवर आणलं, महिनाभर इथेच ठेवायचं ठरलं. किती शहाणे झाले आहेत! पेज देऊ का? हो. लोणचं नको ना? हो. गोळी घेता ना? हो. आई म्हणाली, बरं झालं बाई, एवढ्या वर्षांनी सरळ उत्तर मिळायला लागलं, डॉक्टरांनी हृदयाबरोबर जीभही दुरुस्त केली. आम्ही खूप हसलो. आप्पा हसले नाहीत. आमच्याकडे बघत होते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

प्रयोगशाळेत मॅडम चिडल्या आहेत. एकही उंदीर डावीकडे वळत नाही. मुंबईहून कालच नवे आले, स्कोपसुद्धा न लावलेले, तेही उजवीकडेच. ज्यांना स्कोप आहे त्यांचा डावा घोळका काळाठिक्कर. मॅडमना वाटतं, उजवीकडच्या दुधात फरक आहे. त्यांनी दोन्ही थेंब स्वतः चाखून बघितले.

अनिश माझ्याशी बोलत नाही. त्याने त्या सकाळची नोंद बघितली असणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आईने सकाळी अंघोळीला जाताना आप्पांना विचारलं, जरा गॅलरीत बसता का. हो म्हणाले. आत चला म्हणायचं तिच्या मनातून गेलं, मी कामावर. संध्याकाळी आले तरी तिथेच. ऊन अंगावरून गेलं, मुंग्या पायावर चढल्या, तरी हलले नव्हते. जे हो म्हणतात ते करतात, आणि करतच राहतात.

गार वाटतं का विचारलं. हो. उकडतं का? हो.

आई आत भाजी चिरत होती. मी त्यांच्यासमोर बसले. विचारलं, तुम्ही माझे आप्पा ना. हो म्हणाले. मग माझ्या तोंडून गेलं, की तुम्ही दुसरेच कोणी आहात का.

हो.

त्याच आवाजात. त्याच चेहऱ्याने.

२ डिसेंबर, मंगळवार

तपासणीला नेलं. नर्सबाईंना नाडी सापडेना. यंत्र बदललं, मग अजून एक आणलं. छातीला वायरी लावल्या तर कागदावर नुसती सरळ रेघ. डॉक्टर यंत्र बिघडलंय म्हणाले. टाक्यांवरची पट्टी काढली. जखम तशीच, उघडी, कोरडी. रक्त नाही, पू नाही. दुखतंय का? हो. बरं वाटतंय का? हो.

डॉक्टरांनी उद्या या सांगितलं. आम्ही बाहेर पडलो आणि त्यांनी आतून कडी लावल्याचं ऐकू आलं.

रिक्षात आप्पांचा हात माझ्या मांडीवर होता. फ्रीजमधल्या मासळीसारखा. मी आईला सगळं सांगितलं, रिक्षातच, रडत. डावा कौल, दिवा, सगळं.

तिने मला मारलं नाही. मग म्हणाली, ज्ञानी, त्यांच्या पायांकडे बघ गो. काळे पडलेत. कोण राहतंय त्यांच्यात?

३ डिसेंबर

पाटलीण पिंजऱ्यात मरून पडलेली. ताठ. मॅडम सुट्टीवर, अनिश येतच नाही.

मी स्कोप लावला. का लावला —

उजवा घोळका चमकत होता. मेलेल्या उंदरिणीत. लुकलुक नाही, सतत. दिवा बंद केला, वायर काढली. पडदा तसाच हिरवा.

उत्तर अजून दिलं जातंय.

५ डिसेंबर

आई म्हणते, प्रश्न तू घातलास, तूच मोडायचास. हो म्हटलेलं ते करतात ना? मग विचार. जाता का, असं विचार. हो म्हणतील आणि सुटतील.

समोर बसले. तोंड उघडलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. वास येतो आता. उदबत्त्या लावतो आम्ही, तरी येतो.

जाता का. दोनच शब्द.

नाही जमलं. तीनदा बसले, तीनदा उठले. त्यांच्या कानावरचे ते पांढरे केस — ते आप्पांचेच आहेत ना. मी मेले तरी नाही विचारू शकणार.

आई उद्या बघू म्हणाली.

६ डिसेंबर

मी दुकानात गेले होते. उदबत्त्या आणायला. एवढ्यात —

दार उघडं. आप्पा गादीवर आडवे, डोळे मिटलेले, चेहरा मऊ. गेले. खरे गेले. माझे आप्पा.

आई त्यांच्या उशाशी. तिचा हात त्यांच्या हातात.

मी विचारलं, तू विचारलंस का. हो. त्यांना सोडायला सांगितलंस? हो. त्यांच्या बदली तू — आई, तू स्वतःला —

हो.

११ डिसेंबर

गावाहून सगळे आले, सगळं उरकून गेले. आईकडे बघून तुळसावहिनी किती धीराची, म्हणत होते. रडली नाही. जे विचारलं त्याला हो म्हणाली. काकू म्हणाली, दिवस झाले की गावाला चल. हो. मी म्हटलं, इथेच राहू दे माझ्याजवळ. हो.

सगळ्यांना बरं वाटलं.

१२ डिसेंबर

आई, जेवलीस? हो. जेवली नाहीस ना? हो.

आई, तू आत आहेस? हो.

एकदा नाही म्हण गो आई. एकदाच. तुझ्या पाया पडते.

हो.

१४ डिसेंबर

मी लिहितेय. ती समोर येऊन बसली. दुपार आहे, बाहेर कलमांना मोहर —

बोलली. हो सोडून दुसरं काही. पहिल्यांदाच. तिने विचारलं.

राहू ना गो तुझ्याजवळ, असं विचारलं.

आईच्याच आवाजात. थोडा घसा बसलेला, माझ्याशी बोलताना असतो तसा. आता प्रश्न तिच्यात बसलेल्याचा आहे आणि उत्तर माझं. मी नाही म्हटलं की ती सुटेल. आप्पांसारखी. चेहरा मऊ होईल. एक शब्द.

नाही म्हणायचं. म्हणायचंच. लिहून ठेवते म्हणजे म्हणता येईल —

पण मग ती जाईल. मग कुणीच —

केस विस्कटलेत तिचे. हात पुढे केलाय. माझ्या कपाळावरचे केस मागे सारतेय. गार आहे हात, पण तसंच, अगदी तसंच सारतेय —

परत विचारलं. राहू ना?

आई, मी